सॉक्रेटिसच्या बायकोची बाजू

सॉक्रेटिसच्या बायकोला लोक कजाग म्हणतात. मी म्हणते, बाईने सहन केलं हेच खूप. नवरा दिवसभर बाजारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "न्याय म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय" विचारणार, आणि घरात पीठ आहे का, हे मात्र विचारणार नाही!

हे ग्रीक लोक माझ्या घरात शिरले ते लेकीच्या शाळेतल्या नाटकामुळे. आम्ही ओमानमध्ये सलालाहला होतो, नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. लेक दहावीत, तिला सॉक्रेटिसचं काम मिळालं. मीच हौसेने चादरीचा झगा शिवला, कापसाची दाढी केली, पुस्तकं वाचली. त्याचा चेला प्लेटो नुसता लिहीत बसला. प्लेटोचा चेला ॲरिस्टॉटल मात्र मला आवडला. मासे, झाडं, राज्यं, सगळं आपापल्या खणात लावणारा. असा जावई मिळाला तर कपाटं तरी आवरून होतील.

दहावीनंतर लेकीला पुण्याला नणंदेकडे ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. तिला विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? इथली कितीतरी मुलं जातात.

एका दुपारी तालीम चालली होती. प्रसंग तुरुंगातला. मी सॉक्रेटिसचा मित्र झाले. "पहारेकरी फितवलाय. यल्ला, पळ!"

लेकीने ठामपणे नाही म्हणायचं होतं. ती मात्र मलाच विचारू लागली.

"आई, तो का नाही गेला?"

"हट्टी मेला, दुसरं काय!"

"नाही ना. त्याला वाटायचं, या सिटीने मला मोठं केलं. मला कुठल्या सिटीने मोठं केलं?"

"सलालाहने. पण आपलं गाव चिपळूण."

"आपलं म्हणजे काय?"

"जिथे आपली माणसं असतात ते."

"मग माझी माणसं कुठे आहेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खलास! जास्त शहाणपणा नको!" अथेन्सवाल्यांनी त्याला विष का पाजलं, ते मला त्या क्षणी पूर्ण पटलं.

मग पाहिलं तर दाढी भिजून हनुवटीवर लोंबत होती. कार्टी मघापासून रडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"जायचंय का गं तुला पुण्याला?"

"नाही."

एवढंच. वर्षभर आम्ही कॉलेज ठरवलं, नणंदेकडची खोली ठरवली, आणि हा एक प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"बरं, इथेच कर अकरावी," मी म्हटलं. नणंदेसाठी आणलेला खजुराचा डबा तिथेच फोडला आणि पहिला खजूर सॉक्रेटिसला दिला.