वहीतली बेचाळिसावी गाडी

वरच्या घरच्या नेस्टाने सहा वर्षांत एक्केचाळीस पांढऱ्या व्हॅन टिपून ठेवल्या होत्या. नंबर, वार, वेळ, आली कुठून, गेली कुठे. वही चहाच्या डब्याखाली असायची. वेल्सच्या त्या डोंगरातल्या खोऱ्यात लहानथोर सगळ्यांची एकच खात्री होती, की शहरातले दयाळू लोक गल्लीबोळातले कोल्हे पिंजऱ्यात धरतात, पांढऱ्या व्हॅनमध्ये कोंबतात आणि इथे आणून सोडतात. नेस्टाच्या हाती तर फक्त पुरावा यायचा राहिला होता. एक्केचाळिसांपैकी सव्वीस पार्सलवाले निघाले, नऊ प्लंबर, एक मयताची फुलं पोचवणारा. उरलेले पाच तिच्या लेखी अजून संशयित होते. फुलवाल्याला तर तिने रस्त्यात अडवून मागचं दार उघडायला लावलं होतं.

"बाई, लिलीच्या फुलांत कोल्हा लपतो होय?" त्याने विचारलं.

"तुम्हा शहरवाल्यांचा काय नेम," नेस्टा म्हणाली आणि वाकून फुलांच्या खालीही बघून आली.

वय त्रेसष्ट, नवरा जाऊन अकरा वर्षं, दोनशे मेंढ्या आणि एक गुडघा जो जिना दिसला की बोंब मारायचा. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर चढवून मेंढीला फसवून त्याला दूध पाजायला लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण माणसाला तिने कधी फसवलं नव्हतं. खोऱ्यात दर शरद ऋतूत सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावरून एकत्र खाली आणतात आणि कानांवरच्या खाचा बघून वेगळ्या करतात. वरच्या घराची खूण डाव्या कानाला दोन खाचा. दुसऱ्याची मेंढी आपल्या कळपात सापडली तर मोठ्याने सांगायचं. आपली दुसऱ्याकडे सापडली तर आपणच जाऊन आणायची, मग पाऊस असो की ताप. वाद झाला की लोक नेस्टाकडे बघायचे. ती 'माझी' म्हणाली की तिची, 'नाही' म्हणाली की नाही.

तर मेंढ्या विण्याचे दिवस, नेस्टा तीन दिवस अंगावरच्या कपड्यांनिशी झोपलेली, आणि मंगळवारी दुपारी अंगणात लाल रंगाची इवलीशी गाडी आली. गाडीतून उतरली तिची धाकटी बहीण मेरिएल, बर्मिंगहॅमची. एका हातात केक. मागच्या सीटवर पिंजरा.

"यात काय आहे?" नेस्टाने विचारलं.

"आधी रागावणार नाही म्हण."

"मेरिएल."

"बिस्किट आहे," मेरिएल म्हणाली. "म्हणजे त्याचं नाव बिस्किट. अगं, शेजारचे विष घालणार म्हणतात गं. माझ्या दारात दोन वर्षं जेवतोय बिचारा. म्हटलं, इथे मोकळी हवा, डोंगर, निसर्ग. त्याचं खरं घर हेच ना?"

घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. इथे बहिणीने कोल्हा धाडला होता. नेस्टाच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत मेरिएलने पिंजरा उघडलासुद्धा.

बिस्किट बाहेर आला, निसर्गाकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसला. चार दिवस तिथून फारसा हलला नाही. कोल्हा काकडीला राजी म्हणतात. हा सॉसेजखेरीज कशाला तोंड लावत नव्हता, तेही भाजलेलं हवं. बुधवारी एक नुकती व्यालेली मेंढी त्याच्यावर धावून गेली, तर तो मेरिएलच्या गाडीखाली जाऊन तासभर थरथरत होता.

"लाजतोय," मेरिएल म्हणाली.

"मेरिएल, तू घरी कधी जाणार आहेस?"

"तो रुळला की."

शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये बैठक होती. विषय, शहरी कोल्हे. खालच्या पुलाकडचा इल्टिड उभा राहिला. त्याचं बोलणं कायम मागच्या दाराने येतं. "मी काही म्हणत नाही, पण माझी दोन कोकरं गेली. मी नाव कुणाचंच घेत नाही, पण गुरुवारी मी भरदिवसा कोल्हा बघितला. माझ्याकडे बघून त्याने जांभई दिली. आपला डोंगरातला कोल्हा जांभई देतो का? मी आपलं विचारतो."

अध्यक्ष ग्लेनिस पॅरी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुणी आणून सोडला, ते कळायला हवं. नाव कळलं की सरळ वर्तमानपत्रात देऊ. नेस्टा, तुझी वही आणलीयेस ना गं?"

वही नेस्टाच्या मांडीवर होती. शेजारी मेरिएल केकचा दुसरा तुकडा खात होती आणि अतिशय सहानुभूतीने मान हलवत होती. नेस्टाला वाटलं, तो केक हिच्या घशात कोंबावा.

"या आठवड्यात कुठली व्हॅन आली होती?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

नेस्टाने पान उलटलं. मेंढ्यांच्या गडबडीत पान कोरंच राहिलं होतं.

"मी काही म्हणत नाही," इल्टिड म्हणाला, "पण तो नवा प्लंबर मंगळवारी वर गेला होता. व्हॅन पांढरी. बर्मिंगहॅमचाच आहे म्हणतात."

"तरीच," मागून कुणीतरी म्हणालं. "नळ दुरुस्त करताना शिट्टी वाजवतो तो."

"त्याला पुन्हा बोलवायचं नाही," दुसरं कुणी म्हणालं. माना हलू लागल्या. ग्लेनिसबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "नेस्टा, तू सांग म्हणजे झालं. तू हो म्हणालीस की आम्ही लिहितो."

सहा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता आणि असा आला होता. नेस्टा उठली. गुडघ्याने बोंब मारली.

"कोल्हा माझ्या कळपातला आहे," ती म्हणाली. "डाव्या कानाला दोन खाचा समजा."

तिने मेरिएलकडे बोट दाखवलं.

"मंगळवारी माझ्या बहिणीने आणला. पांढऱ्या व्हॅनमधून नाही, लाल गाडीतून. प्लंबरने माझ्याकडे फक्त नळ बसवला, तोही नीट बसवला. इल्टिड, तुझी कोकरं त्याने खाल्ली असतील असं वाटत नाही, तो मेंढीला घाबरतो. तरी तुझा संशय असेल तर शरदात माझ्यातली दोन घेऊन जा."

इल्टिडने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "मी कुठे काय म्हटलं?"

"आपली चुकलेली मेंढी आपणच आणायची," नेस्टा म्हणाली. "मी त्याला परत नेऊन सोडते. आज. माझ्या मेंढ्यांकडे कोण बघेल?"

मग इल्टिडच म्हणाला, "बघतो मी. पण ती काळ्या तोंडाची लाथ मारते ना गं?"

"मारते."

"मी काही म्हणत नाही."

पिंजऱ्यात सॉसेज ठेवल्यावर बिस्किट आपणहून आत शिरला आणि दार लागायची वाट बघत बसला. दोन तासांचा रस्ता. मेरिएल चालवत होती आणि सबंध वाटेत सांगत होती की गावातली माणसं किती आतल्या गाठीची असतात. नेस्टा मागे पिंजऱ्याला टेकून बसली होती. तिने एकदाही उत्तर दिलं नाही, त्यामुळे मेरिएलला चर्चा फार छान झाल्यासारखं वाटलं.

शेजाऱ्यांनी विष घालण्याच्या गोष्टी केल्या होत्या, म्हणून मेरिएलच्या गल्लीत नाही, चार गल्ल्या पलीकडे रेल्वेच्या कडेला दोघी बहिणींनी पिंजरा उघडला. बिस्किटने कचऱ्याच्या डब्यांचा वास घेतला, शेपटी फुलवली आणि कुंपणाखालून गेला. मागे वळून बघितलं नाही.

समोरच्या घरातून एक म्हातारा सपाता फटफटवत बाहेर आला. हातात पेन्सिल, पाकिटाचा कपटा.

"बघितलं मी," तो म्हणाला. "गेली दोन वर्षं म्हणतोय, कुणी ऐकत नाही. तुमच्या शेतातले नकोसे कोल्हे आणून आमच्या दारात टाकता. बुटांचा चिखल बघा."

नेस्टाने बुटांकडे बघितलं. चिखल होता. मेरिएल तोंड उघडत होती. नेस्टाने तिच्या दंडाला धरलं.

"हो. सोडला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याला इतक्या सरळ उत्तराची सवय नसावी. तो गाडीच्या नंबराकडे वाकून लिहू लागला. नेस्टाने त्याच्या खांद्यावरून कागदावर नजर टाकली.

"तो सात नाही, एक आहे," ती म्हणाली. "आणि वेळ लिहा. वेळ नसली की पुढे काही उपयोग होत नाही."