घोड्याची बारी

पुण्याहून आलेली ती पेटी एवढी मोठी होती, की एसटीच्या कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. असं मी सांगते. पटत नसेल त्यानं स्वतःच्या आठवणी लिहाव्यात.

नव्वदीतली मे महिन्याची सुट्टी. आत्याचा मुलगा, आमचा दादा, पेटी घेऊन निरगुडसरला आमच्या घरी उतरला. आत एक भलाथोरला पट. त्यावर जंगल, किल्ला आणि आग ओकणारा ड्रॅगन. शिवाय चार वीर, त्यांचे चार घोडे आणि घोड्याच्या गळ्यात अडकवायचा नखाएवढा पितळी मुकुट. मुकुट किल्ल्याच्या दारात पोचवेल तो राजा. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते वाचायचा हक्क एकट्या दादाचा. आम्ही भावंडं सात, वीर चार. तेव्हा दादानं पदरचा एक नियम ठोकून दिला: ज्याचा वीर मेला त्यानं उठायचं, ते थेट पुढच्या सुट्टीत बसायचं.

बारा दिवस मी बाहेरून माना डोलावल्या. तेराव्या दिवशी जागा मिळाली आणि त्याच दुपारी मुकुट माझ्या घोड्याच्या गळ्यात आला. दार पाच घरांवर, आणि फाशावर पाच! मी अशी ओरडले, की तिकडे आळेफाट्यावर गाड्यांनी ब्रेक मारले.

पण तिसऱ्या घरात ड्रॅगन. तिथं ड्रॅगनच्या गठ्ठ्यातला पत्ता उचलावा लागे. उचलला. वीर ठार.

“ऊठ,” दादा म्हणाला.

“वीर मेलाय. घोडा कुठं मेलाय? त्याची दोन घरं राहिलीत.”

“नियम आहे. वीर मेला की चाल संपली.”

मी पुस्तक हिसकावलं आणि शाळेतलं होतं नव्हतं तेवढं इंग्रजी पणाला लावलं. चौथ्या पानावर चक्क लिहिलं होतं: घोडा फाशाइतकी सगळी घरं चालतो. वीर मध्येच मेला तर काय, यावर पुस्तक गप्प.

“पुस्तक मला कळतं, तुला नाही,” दादा म्हणाला. “उठतेस की नाही?”

“नाही उठत!”

आरडाओरडा ऐकून ओट्यावरचे चुलते आत आले. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळत, तेव्हा वरच्या टोकाला झेंडा टाकून एकेका गाड्याची बारी संपल्याचं सांगायचं काम त्यांचं. झेंडा पडला की भल्याभल्या मिश्या खाली येत. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. निवाड्याला असाच माणूस हवा.

सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मुकुट कुणाच्या गळ्यात व्हता?”

“घोड्याच्या.”

“मग माणसाचं काय काम? गाडा जुंपणारी समदी खालीच ऱ्हात्यात. वर बैलं येत्यात. म्या कधी झेंडा धरून माणसांची वाट बघत बसलो का?”

“पण मामा, हे पुस्तकात नाही.”

“न्हाई चालत, असं तरी लिवलंय का?”

दादानं पुस्तक पुढून मागून चाळलं. “...नाही.”

“मंग झेंडा पडला. बारी झाली.”

मी घोडा दोन घरं सरकवला. दादानं रागानं पट मिटला. “खेळ माझा आहे! आता कुणीच खेळायचं नाही.” सोंगट्या भरताना त्याला एक वस्तू कमी दिसली. ती माझ्या मुठीत होती. त्यानं बोटं उलगडायचा प्रयत्न केला. पण ट्रॅक्टर लावला असता तरी ती मूठ सुटली नसती.

“दे.”

“राजा मुकुट परत देतो होय? ऊठ-बसचा तुझा नियम मोड, मग खेळू.”

दोन दिवस तो पेटीवर कोंबडीसारखा बसून राहिला. मुकुटाशिवाय खेळ होईना. तिसऱ्या दिवशी नियम मोडला. मेलेला त्या डावापुरता उठे, पुढच्या डावाला हक्कानं बसे. मुकुट मात्र मीच आणायचे, डाव संपला की मीच न्यायचे.

पुढे दहा-बारा वर्षांनी, घरोघरी इंटरनेट आलं तेव्हा, दादाचा फोन आला. आवाजात नुसता विजय.

“खेळाच्या कंपनीला मेल केला होता. उत्तर आलंय. वीर मेला की घोडाही थांबतो. तू हरली होतीस!”

“कंपनीतल्या कुणी आपला घाट पाहिलाय का, दादा?”

“ते नियम बनवणारे आहेत गं!”

“मग त्यांना घेऊन मुकुट न्यायला ये. मूठ अजून तीच आहे.”

अजून तरी कुणी आलेलं नाही.