मेलेलं शेवाळ जातं कुठे

"घ्या, एक घोट घेऊन बघा," असं म्हणत अप्पांनी माझ्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली.

मी ती खिडकीकडे धरली. पाणी स्वच्छ होतं, तळाला कणभर गाळही नव्हता. बूच काढलं आणि डोकं मागे घेतलं. पावसात भिजून आतून कुजलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा वास आला.

"दिसायला झकास हाय की न्हाई?" अप्पा म्हणाले. "पर पिववंना. जनावरंबी तोंड लावनात."

अप्पा मुरुडच्या पुढच्या एका लहान गावाचे सरपंच. त्यांचं किराणा दुकान होतं. एसटीत तास-दीड तास धक्के खाऊन आले तरी कपाळावरची भस्माची तीन बोटं जशीच्या तशी असायची. पंधरा दिवसांपूर्वी ते असेच आले होते, तेव्हाच्या बाटलीतलं पाणी हिरवा रंग कालवल्यासारखं होतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघितला, शेवाळाच्या पेशी मोजल्या आणि रिपोर्टवर उपाय लिहून दिला: गावच्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं त्यात मोरचूद मारा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याने शेवाळ मरतं. तसं ते मेलं होतंच.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. पाणी तपासणीची आमची लॅब भाड्याच्या दोन खोल्यांत होती. लेटरहेड जुन्याच जिल्ह्याचं होतं, त्यावरचं नाव खोडून शिक्क्याने नवीन मारायचं. त्यात दुष्काळ. डिस्टिल्ड वॉटर करताना नळी थंड ठेवायला जे पाणी लागायचं, ते बादलीत धरून आम्ही त्यातच काचेची भांडी धूत होतो. आणि मी, कंधारची मुलगी, शिकले होते समुद्राचं पाणी! एम.एस्सी.नंतर दोन वर्षं किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी गाळण्यात गेली. तिथून नोकरी लागली ती थेट इथे. घरचे म्हणायचे, समुद्र शिकून आली आणि नशिबी कोरडा तलाव आला.

"अजून एक हाय," अप्पा आवाज खाली आणून म्हणाले. "मासं मेले. सगळे पांढरे होऊन काठाला लागलेत. गाव म्हणायलंय, किसननं जहर कालवलं."

किसन तलावातले मासे धरायचा. पाणी कमी झालं म्हणून ग्रामसभेने त्याला जाळं टाकायला मनाई केली होती. त्यावरून सभेत तो तावातावाने बोलला होता. बस, तेवढं पुरलं.

"त्याच्या बायकोला बोअरवर पाणी भरू देईनात, मॅडम. काल तिची घागर लाथाडली. मी सरपंच असून माझं कुनी ऐकंना."

मी बाटलीचं बूच लावलं. तो रिपोर्ट माझ्या सहीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तलावावर गेले. तलाव चौथाईवर आला होता. वारा ज्या काठाकडे वाहत होता तिथे मेलेल्या शेवाळाचा जाड, निळसर-हिरवा थर साचला होता. किसन लांब बाभळीखाली बसून होता. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. मी बोलावलं तरी आधी जागचा हलला नाही.

"मासे एकदम मेले का हळूहळू?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्याला तोवर कोणी विचारला नसावा.

"एकदम न्हाई, बाई. औषध मारलं, पानी लख्ख झालं. मग दोन दिस पहाटं मासं तोंड वर काढून हवा खाऊन राहिले होते. आधी मोठे मेले, मग बारके. जहर असतं तर सगळे एका दमात नसते का गेले?"

मी पेटी उघडली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बघायची एक साधी रीत आहे. बाटली काठोकाठ भरून त्यात दोन रसायनं घालायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. साका पांढरा बसला. किसन वाकून बघत होता.

"म्हंजी?"

"म्हणजे मासे गुदमरून मेले."

लॅबमध्ये परत येऊन पुढचं काम केलं. तांबं मोजलं, ते माणसाला बाधेल इतकं मुळीच नव्हतं. कीटकनाशकाच्या शंकेसाठी एक नमुना मोठ्या लॅबला पाठवला. मग तलावाचं पाणी बारीक काचतंतूंच्या कागदातून गाळलं, अगदी समुद्रावर करत होते तसंच.

समुद्रात डोळ्यांना न दिसणारं, पाण्याबरोबर वाहणारं जीवन असतं. त्याला प्लँक्टन म्हणतात. हिरवं शेवाळ त्यातलंच. ते मरतं तेव्हा पेशी फुटते आणि तिच्यातली साखर, प्रथिनं पाण्यात विरघळतात. उरलेले तुकडे एकमेकांना चिकटतात आणि बर्फाच्या भुरभुरीसारखे तळाकडे जातात. कागदावर जे अडकतं त्याला आम्ही कणरूप म्हणतो, खाली उतरतं ते विरघळलेलं. समुद्रात हे विरघळलेलं कणांपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. जिवाणू ते खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. समुद्र एवढा मोठा की त्याला ते पचतं. मुरुडजवळच्या, चौथाईवर आलेल्या तलावाला कसं पचावं? आणि मी तर सगळं शेवाळ एका झटक्यात मारायला सांगितलं होतं.

कागदाखाली उतरलेलं पाणी स्वच्छ दिसत होतं, पण सगळी घाण त्यातच होती. गावचा फिल्टर कण अडवत होता, विरघळलेलं सरळ नळाला जात होतं. ऑपरेटर दुप्पट ब्लीचिंग पावडर टाकत होता, तरी नळाला क्लोरीन सापडत नव्हतं. ही विरघळलेली घाणच ते खाऊन टाकत होती.

आमचे साहेब उपअभियंता होते. माणूस चांगला, पण कागदाला भिणारा. मी नवा रिपोर्ट पुढे ठेवला.

"मॅडम, यात मोरचूद शब्द कशाला? 'नैसर्गिक कारणाने' असं लिहा की."

"साहेब, मागच्या रिपोर्टमध्ये तो मीच लिहिलाय."

"म्हणूनच म्हणतो. स्वतःच्या हाताने कशाला लिहून देता?"

"तिकडे एका बाईला पाणी भरू देत नाहीत, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सही केली. "गावात जाऊन तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले.

सांगायला गेले. शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली होती, बायकाही बऱ्याच होत्या. किसन आणि त्याची बायको पायरीजवळ उभी होती, कोणाच्याच जवळ नाही. मी दोन पेले ठेवले. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्ही सारखीच स्वच्छ. दोन्हीत पोटॅशियम परमँगनेटचे, म्हणजे विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचे, सारखेच थेंब टाकले. बोअरचं पाणी गुलाबी राहिलं. नळाच्या पाण्यातला गुलाबी रंग बघता बघता विटला आणि तपकिरी झाला.

"दिसत नाही, पण यात मेलेलं शेवाळ विरघळलेलं आहे," मी म्हणाले.

"फडक्यानं गाळून घेतलं तर?" एकाने विचारलं.

मी बोलणार, तेवढ्यात मागून एक म्हातारी बोलली, "आरं, अंबाडी शिजवल्यावर पाला पिळून घेतो. आंबट कुठं जातंय? पान्यातच की! फडक्याला घावतंय का ते?"

व्हरांडा हसला. मला दोन वर्षांत इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

मग मी अवघड ते बोलले. "मोरचूद मारायला मी सांगितलं. हळूहळू, थोडं थोडं मारायचं आणि मेलेलं काढत राहायचं, हे सांगायला हवं होतं. ते राहिलं. चूक माझी. किसनरावांनी काही केलेलं नाही."

अप्पा उठले, पायरीपाशी गेले आणि किसनच्या बायकोला म्हणाले, "माय, उद्या सकाळी पहिला नंबर तुझा. मी स्वतः हापशावर उभा राहीन."

तिने पदर डोळ्यांना लावला.

उपाय किसननेच सोपा केला. तो म्हणाला, वारं सगळी घाण एका काठाला ढकलतंय, जाळं द्या, ओढून काढतो. ज्यांनी त्याला अडवलं होतं त्यातलेच चौघे त्याच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उतरले. ओला थर ओढून काठावर टाकला, वाळल्यावर शेतात गेला. पंपाच्या नळीचं तोंड तळाच्या कुजक्या थरात होतं. ते रिकाम्या पिंपांना बांधून वरच्या पाण्यात आणलं. नळाकडे जाणारं पाणी आधी भोकं पाडलेल्या पत्र्यावरून धारांनी पाडलं, म्हणजे हवा मिसळते आणि वास उडतो. तोवर प्यायला फक्त बोअर.

तीन आठवड्यांनी नळाच्या पाण्याला क्लोरीन टिकू लागलं. तपासणीच्या नळीत हलका पिवळा रंग आला तेव्हा ऑपरेटर ती नळी हातात धरून गावभर फिरला. मोठ्या लॅबचा रिपोर्टही आला. कीटकनाशक नव्हतं. अप्पांनी तो दुकानाच्या दारावर डकवला. पुढल्या वर्षी तलाव भरला, तेव्हा ग्रामसभेने किसनला जाळं टाकायची परवानगी दिली. दर आठवड्याला पाण्याचा रंग आणि वास बघून अप्पांना सांगायचं कामही त्याच्याकडे दिलं. मासे कसे आहेत, हे तो आपणहून सांगायचा.

साहेबांना त्या रिपोर्टवरून कोणीच काही विचारलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी तलावांना मोरचूद लिहून दिलं. औषध तेच, चांगलंच आहे. फक्त सही करण्याआधी स्वतः काठावर जायचे, वारा कुठून कुठे वाहतो ते बघायचे, आणि मेलेलं शेवाळ कोण काढणार त्या माणसाचं नाव रिपोर्टवर लिहून घ्यायचे.