वाघाला बाण लागत नाही

फकिरा गावितची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झालेल्या आहेत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुरांना शेड मिळावी म्हणून कलेक्टर कचेरीत द्यायचं निवेदन मी नाशकात शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीत टाइप करायला टाकलं होतं, आणि या पोरानं माझी तीन वाक्यं गाळली. कोणाला विचारून गाळलीस, म्हणून मी ओरडले. मान वर न करता तो म्हणाला, "ताई, तीच गोष्ट वर दोनदा आलीये. साहेब तिसऱ्यांदा वाचत नसतो."

खरं होतं. म्हणून जास्त राग आला. पण त्यानंतर माझा प्रत्येक कागद त्याच्याच हातून गेला.

ही २००४ची गोष्ट. फकिरा तेव्हा बावीस वर्षांचा. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा कोकणा आदिवासी. नाशकात पेठ रोडला, फुलेनगरात, चुलतभाऊ सावळीरामबरोबर खोली करून राहायचा. सावळीराम गवंड्याच्या हाताखाली, आणि हा बारावी करून डीटीपीच्या दुकानात. पाड्यावरच्या लोकांना वाटायचं पोरगं सुखात आहे, पंख्याखाली बसतं. पंख्याखालची नोकरी किती पातळ असते ते त्यालाच ठाऊक. लोक घरोघरी कॉम्प्युटर घेत होते, पत्रिका स्वतःच छापत होते, आणि मालक दर महिन्याला दुकान बंद करायची भाषा बोलत होता.

एकदा मी कागदाची वाट बघत बसले होते, तर त्याच्या पडद्यावर एक बोटाएवढा माणूस दिसला. अंगात शर्ट, हाफ पँट, डोक्याला टॉवेल, हातात तिरकमठा. म्हणजे धनुष्यबाण. शर्ट घातलेला आदिवासी मी चित्रात पहिल्यांदाच बघत होते. नाहीतर लोक आम्हाला पिसांतच दाखवतात, आणि 'आम्हाला' म्हणायचा मला हक्क नाही, मी मखमलाबादच्या फुलवाल्यांची. पण राग यायला जात लागत नाही.

"हे काय रे?"

"गेम आहे ताई. मी करतोय."

"कोणी सांगितला करायला?"

"कोणी नाही."

मालक जेवायला गेला की दुपारचा एक तास, आणि रविवारी सफाईच्या नावाखाली अर्धा दिवस. असा तीन वर्षं तो गेम चालला. फ्लॅश नावाचा प्रोग्राम तो डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकला. शिकवणारं कोणी नव्हतं, आणि कोणी शिकवायला आलं असतं तर यानं दोन प्रश्नांत त्याला घरी पाठवलं असतं.

गेम सोपा वाटायचा आणि जीव खायचा. गड्याला सात डोंगर चढून पाड्यावर पोचायचंय. जवळ तीनच बाण. कडा उंच असला की झाडाच्या बुंध्यात बाण मारायचा, त्या बाणावर उडी घेऊन उभं राहायचं, तिथून वर. मग मागं वळून तो बाण उपटून घ्यायचा, कारण चौथा बाण नाही. बंदुकीसारखा बाण सरळ जायचा नाही, लांब गेला की खाली यायचा. आणि दोरी फार वेळ ताणून धरली तर गड्याचा हात थरथरायचा. चौथ्या डोंगरापासून बंदूकवाले शिकारी यायचे. त्यांची गोळी सरळ आणि झटकन. त्यांच्यापुढं धनुष्य घेऊन उभं राहिलात की मेलातच. झाडामागून, अंदाजानं, वरून मारायचं. वेल चढायचा असेल तर हात मोकळे लागतात, म्हणून कीबोर्डवरचं खालचं बटण दाबून तिरकमठा हातातून काढायचा, तो पाठीला बांधला जायचा. पडलं की त्या डोंगराच्या पायथ्याशी परत.

"शिकाऱ्यांऐवजी फॉरेस्टवाले टाक," मी म्हटलं.

"ताई, आमच्या बीटचा गार्ड माझा मामा आहे."

मी दुसऱ्या डोंगरावर एकवीस वेळा मेले आणि माऊस आपटला. फकिरानं माऊस उचलून पुसला, जागेवर ठेवला. "तुम्ही फार ताणता," एवढंच म्हणाला.

२००७च्या फेब्रुवारीत एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवात गेम तयार करायची स्पर्धा होती. पुण्याच्या एका छोट्या कंपनीचे साहेब येणार होते, आणि ज्याचं काम आवडेल त्याला कामावर घेणार होते. पत्रक छापायला फकिराकडंच आलं होतं. तो काही बोलला नाही. दुकान महिनाअखेरीला बंद होणार हे मालकानं तेव्हा सांगून टाकलं होतं, आणि त्यापुढं सावळीरामबरोबर पाट्या उचलायच्या एवढाच रस्ता होता. पत्रकावर 'फक्त विद्यार्थ्यांसाठी' होतं. ते मी वाचलं, आणि कॉलेजात जाऊन भांडले. असं भांडले की वॉचमन, दोन प्रोफेसर आणि ओम नावाचा आयोजक पोरगा, सगळे हात जोडायला लागले. प्रवेश मिळाला. फळ्यावर फकिराच्या नावापुढं कोणी तरी 'विशेष परवानगी' लिहिलं होतं, ते मी हातानं पुसलं.

तेव्हा छाती फुगली होती. पण आता सगळं कॉलेज त्या गेमकडं डोळे लावून बसलं होतं, तो पडायची वाट बघत. ती सोय मीच करून ठेवली होती.

पहिल्या दिवशी पोरांनी खेळायचं होतं. दुसऱ्या दिवशी अकराला साहेब. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचला ओमचा दुकानात फोन आला. "शेवटची लेव्हल फुटलीये. वाघ मरतच नाही. फाईल दुरुस्त करून आणा, नाहीतर बाद होईल."

 फकिरानं सगळं उघडून बघितलं. मी शेजारी स्टुलावर. दर पाच मिनिटांनी मी विचारायचे, सापडलं का, आणि तो मान हलवायचा. चूक नव्हतीच. सावळीरामनं हा गेम पहिल्यांदा पूर्ण केला होता, पाड्यावरून आलेल्या आणखी चौघांनी केला होता. कोणाचं काही अडलं नव्हतं. "माझ्या मशीनवर चालतोय आणि तिथं फुटतोय," तो म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज फाटला.

सकाळी साडेदहाला आम्ही कॉलेजात. ओमनं मशीन लावलं, सातवा डोंगर उघडला. अरुंद खिंड, कडेला एक दगड, मधोमध वाघ बसलेला. ओमनं दोरी ताणली आणि बाण सोडला. वाघानं शेपटी हलवली. दुसरा बाण. तिसरा. मग वाघानं झेप घेतली आणि गडी पायथ्याशी.

"बघा," ओम म्हणाला. "चाळीस पोरांनी हाणलाय. मरत नाही."

फकिरा त्याच्याकडं बघतच राहिला. "पण तू वाघाला मारतोस कशाला?"

"मग काय करू? चहा पाजू?"

पोरं खिदळली. फकिरानं पुढं होऊन खालचं बटण दाबलं. इथं तिरकमठा पाठीला गेला नाही. गड्यानं तिरकमठा दगडापाशी ठेवला. वाघ उठला, आळस दिला, बाजूला झाला. गडी खिंडीतून पलीकडं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. फकिराच्या पाड्यावर वाघबारस असते. दिवाळीच्या तोंडावर गुराखी वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, गुरं सांभाळ म्हणतात. पाड्यावरच्या कोणत्याच माणसानं त्या खिंडीत बाण सोडला नव्हता. सगळ्यांनी न सांगता धनुष्य ठेवलं होतं. त्यामुळं इथं कोणी वाघाला मारायला जाईल हे फकिराच्या मनातच आलं नव्हतं. तीन वर्षांत नाही.

पुण्याचे किशोर साहेब वेळेवर आले. पन्नाशीचे, शांत, घामेजलेले. खुर्चीत बसून चाळीस मिनिटं खेळले. दुसऱ्या डोंगरावर अकरा वेळा मेले, हसले, परत खेळले. बाण खाली येतो ते त्यांना आवडलं. हात थरथरतो ते फारच आवडलं. मी श्वास सोडला. मग ओमनं त्यांना सातवा डोंगर उघडून दिला. तीन बाण, झेप, पायथा. पुन्हा तीन बाण, झेप, पायथा. फकिरानं वाघदेवाचं सांगितलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"छान आहे. पण खेळणाऱ्याला कळणार कसं? तुम्ही प्रत्येकाच्या खुर्चीमागं उभे राहणार आहात का?"

साहेब खुर्चीतून उठले.

"सोपं आहे. दहा बाणांत वाघ पडू दे. मी जेवून येतो, अर्धा तास. हे बघा, वाद घालणारी चार पोरं माझ्याकडं आहेत. दुरुस्त करून दाखवणारा एक पाहिजे."

मी उठलेच. "देव आहे तो त्यांचा! तुमच्या गणपतीला दहा बाणांत पाडा म्हटलं तर चालेल का हो?" आवाज सगळ्या हॉलभर. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ओमनं डोळे मिटले. मला थांबता येईना, पुढची तीन वाक्यं तोंडात तयार होती.

"ताई," फकिरा म्हणाला. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

वीस वर्षं मोर्चे काढले. मला बाहेर थांबायला पोलिसांनी सांगितलंय, तहसीलदारानं सांगितलंय. इतकं कधी लागलं नव्हतं. मी बाहेर गेले.

दाराला काच होती. काचेतून त्याची पाठ आणि अर्धा पडदा दिसत होता. त्यानं काहीतरी टाइप केलं. खरं तर एकदोन आकडे बदलायचे होते, बाकी काय. मी स्वतःला समजावत होते: बदलू दे. गेम आहे. देव काय कॉम्प्युटरात राहतो? महिनाअखेरीला पाटी उचलायची त्याला, मला नाही. आणि लगेच दुसरं मन: नको बदलू, फकिरा, नको रे.

त्यानं गेम चालू केला. खिंड आली. बाण सोडला, दुसरा, तिसरा. आता वाघ झेपावत नव्हता. बाण उपटून आणले, पुन्हा सोडले. मी मोजत नव्हते, पण दहावा कळला. वाघ पुढच्या पायांवर वाकला आणि आडवा झाला.

 फकिरा हलला नाही. पडद्यावर गडी तसाच उभा, समोर रस्ता मोकळा, वाघ पडलेला. किती वेळ गेला कोण जाणे. तेवढ्यात लाईट गेली. त्या वर्षी लोडशेडिंगला वेळकाळ नव्हता. यूपीएस टीं टीं करायला लागला. ओम आतून ओरडला, "दहा मिनिटं आहेत हां फक्त!" फकिरा वाकला आणि टाइप करायला लागला. बोटं इतकी भराभर चालत होती की मी काचेला कपाळ लावलं. काय करतोय? झालं होतं ना? झालेलं बिघडवेल. यूपीएस ओरडत होता, आणि जिन्यावरून साहेबांच्या बोलण्याचा आवाज वर येत होता.

मी साहेबांच्या मागोमाग आत घुसले. कोणी अडवलं नाही.

"झालं?"

"बघा," फकिरा म्हणाला. खुर्ची सोडून तो भिंतीपाशी गेला, हात पाठीमागं.

साहेब बसले. खिंड, वाघ. त्यांनी माऊसचं बटण दाबून धरलं. गड्यानं धनुष्य उचललं नाही. पुन्हा दाबलं. गडी तसाच उभा, मान खाली.

"माऊस गेला का?"

"नाही सर. माऊस बरोबर आहे."

"मग हा बाण का ओढत नाही?"

फकिरा भिंतीपाशीच उभा राहिला.  मी माझी जीभ दातांत धरून ठेवली, खरंच धरली, दुखली. साहेबांनी उजवीकडं नेलं, गडी एक पाऊल चालला आणि थबकला. उडी मारली. बटण दाबलं. यूपीएसचा आवाज आता अखंड झाला होता. ओम कुजबुजला, "सर, बंद पडेल." साहेबांनी हातानं त्याला गप्प केलं. ते पडद्याकडं बघत होते. मग त्यांचं बोट खालच्या बटणावर गेलं, थोडं रेंगाळलं, दबलं.

गड्यानं तिरकमठा दगडापाशी ठेवला. वाघ उठला. आळस दिला. बाजूला झाला.

आणि पडदा काळा.

 साहेब त्या काळ्या काचेकडं बघत बसले होते.

"मी दहा बाण सांगितले होते," ते शेवटी म्हणाले.

"हो सर. ते केलं होतं. काढून टाकलं."

"का?"

"तुम्ही विचारलंत, खेळणाऱ्याला कळणार कसं. त्याचं उत्तर दहा बाण नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बारावी ऐकून ओमकडं बघितलं, ओम खाली बघत होता. "सोमवारी पुण्याला या. सहा महिने बघू. पुढचं पुढं." एवढंच. फकिरानं मान हलवली. हसलासुद्धा नाही. 

परत येताना सीबीएस बसस्टँडपर्यंत आम्ही पायी आलो. सोमवारची गाडी किती वाजता ते त्यानं चौकशी खिडकीवर दोनदा विचारलं. मग बाकावर बसला.

"पाडलास ना रे वाघ?" मी म्हटलं. "काचेतून बघितलं मी."

"हो. पडतो कसा ते बघावं लागतं ना." तो तळहात चोळत होता. "रस्ता मोकळा झाला, ताई, पण गड्याला पुढं नेववेना. बटण दाबलंच जाईना. मग म्हटलं, मलाच जमत नाही तर गड्याला तरी कसं जमेल."

समोरून पेठची एसटी गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"पुण्यात माझ्या ओळखीचं कोणी नाही," तो म्हणाला. "तिथं कोणी म्हटलं, हे असलं चालणार नाही, वाघ मारच, तर? भांडायला तुम्ही नसणार."

"बरंच आहे की," मी म्हटलं.

आता मात्र तो हसला. मग पुन्हा उठून खिडकीवर गेला, गाडीची वेळ तिसऱ्यांदा विचारायला.