चपलांची रांग

धर्मामामा मला पहिल्यांदा दिसले ते लोकांच्या चपला सरळ करताना. वैशाखऱ्याच्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात ते शिपाई होते आणि मी कल्याणहून नुकताच आलेला कारकून. पेशंट यायचा, चप्पल रांगेत लावायचा आणि झाडाखाली जाऊन बसायचा. एक जण आत गेला की मामा पुढची चप्पल उचलून ओरडायचे, "ही कुनाची रे?" अनवाणी येणाऱ्यांसाठी दाराशी दगड असत. "दगड ठेव गो बाय, तो बी जागा धरतो."

मला ती रांग डोळ्यांत खुपायची. नंबर दाखवणारा स्क्रीन आला, तसा मी मोठ्या हौसेने तो खिडकीवर लावला, बाकडी भिंतीकडे सरकवली आणि दगड फेकून दिले. मामा एवढंच म्हणाले, "सायेब, आमची मानसं चप्पल वलखतात. आकडा सगल्यांना नाय वलखत." मी हसलो.

पुढच्याच आठवड्यात मामा टपाल घेऊन मुरबाडला गेले होते. पाड्यावरची ठकी तापाने फणफणलेली लेक घेऊन आली. चौदा नंबरची चिठ्ठी मुठीत धरून ती दुपारपर्यंत बाकड्यावर बसून राहिली. मी खिडकी बंद करत होतो, तेव्हा तिने चिठ्ठी पुढे केली. "तुझा नंबर कधीच गेला. उद्या ये," मी म्हणालो. ती लेकीला कडेवर घेऊन निघून गेली.

परतल्यावर मामांना हे कळलं, तसे ते जेवायचे सोडून पाड्याकडे धावले. पोरीला खांद्यावर घेऊन आले तेव्हा तिला झटके येत होते. नशीब, वाचली. डॉक्टरांनी विचारलं, "हिला परत कोणी पाठवलं?" मी रजिस्टरची पानं चाळू लागलो.

"माजीच चूक. पुकारायचं काम माजं, मी टपालाला गेलो," मामा म्हणाले. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "तुमची नोकरी कच्ची हाय. माजे रिटायर व्हायला दोनच म्हैने उरलेत."

मामा गेल्या वर्षी वारले. आता बदलीनंतर शहापूरच्या दवाखान्यात माझ्या खिडकीसमोर चपलांची रांग असते. लोक कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण त्या चुकीसाठी मामांच्या नावाने निघालेला ठपक्याचा मेमो मीच टाइप केला होता. त्या गच्च भरलेल्या कागदावर मामा चष्म्यातून बराच वेळ शोधत राहिले.

"सायेब, सही कुठं करू? जागा दावा."

मी खाली कोपऱ्यात बोट ठेवलं.

"असं दावलं का कलतं बगा," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.