अकरा आकडे

दुपारी जेवणानंतर पुस्तक छातीवर पालथं पडतं. पंख्याची घरघर हळूहळू हवा काढणाऱ्या पंपाची होते. मी आमच्या जुन्या प्रयोगशाळेत उभा आहे. स्टुलावर ज्योत्स्ना कोष्टी बसली आहे, माझी विद्यार्थिनी. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली, हे मला इथंही माहीत आहे.

"सर, अजून शिकवता? खडू खायची सवय गेली का?"

"रविवारी गल्लीतली मुलं येतात."

"मग ह्यांना सांगा की."

बाकांवर मुलं आहेत, सगळी खिडकीकडे तोंड करून. मी नाण्याएवढी सिरॅमिकची चकती दाखवतो. "बाळांनो, हिच्या आतल्या विद्युतभारांच्या जोड्या अशाच एका दिशेला तोंड करून बसतात. विजेचा फटका दिला की..."

मुलं एकदम उलट, भिंतीकडे वळतात. कडेची चौघं खाली पडतात.

"...पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन असे बाहेर फेकले जातात. नेहमीसारखी तार तापवायला नको, चकती थंडच. असा जोरदार झोत मिळावा, एवढीच आमची धडपड."

"आणि बाहेरून ओढणारं व्होल्टेज शून्य असेल तर?" ज्योत्स्ना विचारते. "मला तेव्हा काय सांगितलंत?"

"येणारच नाहीत, म्हणालो."

"आले होते, सर. अकरा वेळा."

तिची वही उघडी आहे. अकरा आकडे, त्यांवर माझी लाल रेघ, शेजारी माझंच अक्षर: यंत्राचा दोष. महिन्याभरात ती काम सोडून घरी गेली. त्याच वर्षी काविळीनं गेली. पुढं दुसऱ्या प्रयोगशाळेतून तसेच आकडे छापून आले. तिच्या घरी मी काही कळवलं नाही.

"आता सगळ्यांना ठाऊक आहे, तू बरोबर होतीस."

"सगळ्यांना? अण्णांना?"

पंप खटखटू लागतो. इचलकरंजीतला माग. अण्णा, तिचे वडील, तुटलेला धागा जोडतायत. मान वर न करता शेजाऱ्याला सांगतायत, "पोरगी हुशार होती. पण तिथलं काय जमलं नाही तिला."

"अजून असंच म्हणतात," ज्योत्स्ना म्हणते. "त्यांना इलेक्ट्रॉन नका शिकवू. आकडे चुकले नव्हते, एवढंच सांगा."

मी नखानं लाल रेघ खरवडू लागतो.

"कागद फाटेल, सर. राहू दे. अण्णा सत्त्याऐंशीचे झालेत."

जाग येते. चार वाजलेत. तर्जनीच्या नखाखाली लाल शाई आहे. घरात लाल पेन नाही. मुलांच्या वह्या मी पेन्सिलीनं तपासतो.

हात न धुता मी चपला घालतो. इचलकरंजीची बस साडेचारला आहे.