मांडीवरची डबी
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला ती सकाळ आठवते. सुनेची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होती आणि नेमकं मागच्या खोलीत नेट येईना. पुढं झेंडूचा ढीग आणि माळा ओवणाऱ्या बायकांचा गलका, तिथं बसायची सोय नव्हती. मी म्हणालो, "वायफायवाल्याला बोलव." "तो दुपारी येईल, मामा. तोवर नोकरी दुसऱ्याची," म्हणाली आणि कामाला लागली. लॅपटॉपमधला वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. पुढं नेट पळायला लागलं, मागं तुटतच होतं. मग उघडा लॅपटॉप हातावर धरून ती घरभर सावकाश फिरली, पाटाचं पाणी कुठं फुटलं ते बघत आम्ही बांधानं चालतो अगदी तशी, आणि लोखंडी कपाटापाशी थांबली. नेट मागं पोचवणारी मधली डबी माझ्या बायकोनं फुलांचं पाणी उडू नये म्हणून त्यात ठेवली होती, वर झेंडूचा हारही घातला होता! "आत्या, देव कोंडला की तुम्ही," सून हसली. डबी मधल्या दारात आणली की नेट टिकायचं, पण दारात ना फळी ना खिळा. मग मीच खुर्ची टाकली आणि डबी मांडीवर घेतली. "मामा, हलायचं नाही हं." कुणाच्या सांगण्यावरून एका जागी बसणारा माणूस मी नाही. पण मुलाखत संपेस्तोवर बसलो, मांडी लय तापली तरी. नोकरी तिला लागली. आता दारावर फळी आहे. ती मीच ठोकली, तिनं बोट ठेवलं बरोबर त्याच जागी.